अनुभव नसताना घरी जाऊन रुग्णसेवा करण्याचे काम सुरू करायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

कात्रजची_वाचक

नमस्कार. माझे वय 36 असून शिक्षण कला शाखेतून बारावीपर्यंत झाले आहे. आतापर्यंत मी एका शिवणकामाच्या कारखान्यात होते. तो कारखाना शहराबाहेर गेल्यामुळे रोजचे जाणे-येणे परवडेनासे झाले आहे. आम्ही पुण्यात कात्रज भागात राहतो. मुलगा नववीत आणि मुलगी सहावीत आहे. घरोघरी वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची देखभाल करण्याचे काम करावे, असे मनाने घेतले आहे.

या कामाचा म्हणावा असा अनुभव मला नाही. सासूबाई शेवटचे काही महिने अंथरुणावर होत्या, तेव्हा त्यांचे सगळे मीच केले. परंतु घरच्या माणसाचे करणे आणि परक्या घरी मोबदला घेऊन करणे यांत फरक असणार, हे मला कळते. घरोघरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या दोन ब्युरोंमध्ये चौकशी केली. एका ठिकाणी आधार कार्ड आणि फोटो घेऊन ‘उद्यापासून ड्यूटीवर या’ असे सांगितले. काय येते आणि काय येत नाही, हे कोणी विचारलेही नाही. दुसऱ्या ठिकाणी नोंदणी आणि गणवेश यांसाठी आगाऊ पैसे मागितले आणि दहावीची मूळ गुणपत्रिका जमा करावी लागेल असे म्हटले. शिवाय सहा महिन्यांत नर्स होता येईल, अशी एका खासगी क्लासची जाहिरात पाहिली. त्याचे शुल्क आम्हाला जड जाईल इतके आहे.

आधी शिकावे की लगेच काम धरावे? शिकायचे असल्यास नेमके काय आणि कुठे? ब्युरोशी बोलताना कोणत्या गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात? मुलांमुळे मला चोवीस तासांची ड्यूटी करता येणार नाही, तर केवळ दिवसाच्या ड्यूटीवर भागते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_परिचारिका

ताई, मी सरकारी रुग्णालयात वॉर्डमध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतर घरी रुग्णसेवा करणाऱ्या मुलींना शिकवते, त्या आधाराने लिहिते आहे.

प्रथम त्या जाहिरातीविषयी. सहा महिन्यांत कोणीही नर्स होत नाही. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली, तरच परिचारिका म्हणून काम करता येते. खासगी क्लासच्या प्रमाणपत्राने ही नोंदणी मिळत नाही, त्यामुळे त्या शुल्काच्या वाटेला जाऊ नये. तुम्हाला जे काम करायचे आहे ते रुग्णसहायकाचे आहे, आणि त्यासाठी परिचारिका असण्याची अट नाही.

या कामाचे दोन अभ्यासक्रम आहेत. एक जनरल ड्यूटी असिस्टंटचा, ज्याला सगळे जीडीए म्हणतात, आणि दुसरा होम हेल्थ एडचा. दोन्ही काही महिन्यांत पूर्ण होतात आणि त्यांची मानके आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ठरवलेली आहेत. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ज्या केंद्राचा समावेश असतो, तेथे प्रशिक्षणार्थीकडून शुल्क घेतले जात नाही. म्हणून आधी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात चौकशी करावी आणि खासगी संस्थांकडे नंतर वळावे. केंद्र निवडताना इमारत पाहू नका. रुग्णालयात प्रत्यक्ष काम करायला किती दिवस पाठवतात आणि कोणत्या वॉर्डमध्ये, एवढे विचारा. या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर जेथे मिळत नाही, तेथे मुली डायपर बांधायला बाहुलीवर शिकतात आणि पहिल्या घरी गेल्यावर गांगरतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की अनुभव नसणे ही या क्षेत्रात मोठी अडचण नाही, पण पहिलेच काम एकटीने, कोणाच्या देखरेखीविना करणे हा मोठा धोका आहे. त्यात रुग्णाचाही जीव धोक्यात येतो आणि नवख्या बाईचाही आत्मविश्वास कायमचा जातो. म्हणून प्रशिक्षणानंतर, किंवा प्रशिक्षणाची सोय लगेच होत नसेल तर त्याआधीही, एखाद्या लहान-मध्यम रुग्णालयात वॉर्डमध्ये काही महिने काम करावे. पगार घरच्या ड्यूटीपेक्षा कमी मिळेल, परंतु तेथे शेजारी सिस्टर उभी असते, चुकले तर ती हात धरून थांबवते, आणि एकाच पाळीत इतके वेगवेगळे रुग्ण हाताखालून जातात की हात लवकर बसतो.

काय शिकायचे त्याचा अंदाज यावा म्हणून कूस बदलण्याचेच उदाहरण देते, कारण घरी राहिलेल्या रुग्णाची सर्वांत जास्त हानी येथेच होते. जो रुग्ण स्वतः हलू शकत नाही, त्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. एअर बेड असला तरी बदलावीच लागते. ज्या बाजूला वळवायचे त्या बाजूला आपण उभे राहावे. त्या बाजूचा त्याचा हात अंगाखाली येणार नाही असा दूर ठेवावा, पलीकडचा हात छातीवरून आपल्याकडे घ्यावा, पलीकडचा गुडघा वाकवावा, आणि एक हात पलीकडच्या खांद्यावर व दुसरा कमरेच्या हाडावर ठेवून त्याला सावकाश आपल्याकडे वळवावे. पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, आणि टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटऱ्यांखाली घडी. मग त्वचा पाहावी: माकडहाड, कमरेची हाडे, टाचा, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. लाल झालेल्या जागी बोटाने हलकेच दाबून सोडल्यावर लाली क्षणभर फिकी पडत नसेल, तर तेथे बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे असे समजावे आणि त्याच दिवशी घरच्यांना सांगावे. ती जागा चोळू नये. चोळल्याने आतले नुकसान वाढते. आणि रुग्णाला गादीवरून कधीही ओढू नये. त्याच्या अंगाखाली आडवी चादर घालून, दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून उचलून सरकवावे, कारण म्हाताऱ्या माणसाची त्वचा ओढण्यानेच सोलते.

भरवण्याचेही असेच आहे. पॅरालिसिसच्या रुग्णाला पाठीला आधार देऊन सरळ बसवावे, हनुवटी थोडी खाली घ्यावी, चमचा लहान घ्यावा, घास चांगल्या बाजूच्या गालात द्यावा आणि गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा. पातळ पाण्याने जितका ठसका लागतो तितका घट्टसर पेजेने लागत नाही, हे नवीन मुलींना ठाऊक नसते. गिळल्यानंतर आवाज घोगरा किंवा पाणी साचल्यासारखा येऊ लागला तर भरवणे तेथेच थांबवावे. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. नाकातल्या नळीतून अन्न देतानाही डोक्याकडची बाजू उंच असलीच पाहिजे.

आता मर्यादा. इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) किंवा कॅथेटर (लघवीची नळी) घालणे, घशातला कफ मशीनने ओढणे, जखमेचे खोल ड्रेसिंग करणे, ही रुग्णसहायकाची कामे नाहीत. घातलेल्या कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवणे, ती वेळेवर रिकामी करणे, लघवीचे प्रमाण व रंग लिहून ठेवणे, हे मात्र तुमचे काम आहे. तसेच कोणतीही गोळी ‘गिळता येत नाही’ म्हणून स्वतःच्या मनाने कुटून देऊ नका. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात आणि कुटल्यावर सगळे औषध एकदम अंगात जाते. डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला आधी विचारावे.

काम सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची लस घ्या. तिचे तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा.

बारा_तासांची_ड्यूटी

मी स्वतः हेच काम करते आणि अनुभवाशिवायच सुरुवात केली होती. सिस्टरांनी शिकण्याचे लिहिले आहे, मी व्यवहाराचे लिहिते.

मूळ गुणपत्रिका कोणाकडेही जमा करू नये. झेरॉक्स द्यावी आणि मूळ प्रत समोर दाखवून परत घ्यावी. मूळ कागद अडकवून ठेवणारा ब्युरो उद्या तुम्हाला काम सोडू देणार नाही. आगाऊ पैसे मागत असतील तर पावती मागा आणि ती रक्कम परत मिळणार आहे का, हे पावतीवरच लिहून घ्या. पहिल्या ब्युरोने काही न विचारता उद्या या म्हटले, तेही मला बरे वाटत नाही. ज्याला तुम्हाला काय येते याच्याशी देणेघेणे नाही, तो तुम्हाला नळी असलेल्या पेशंटकडेही पाठवेल.

पैशांबाबत ब्युरोला सरळ विचारा की घरच्यांकडून किती घेता आणि माझ्या हाती किती देता. समजा घरचे लोक महिन्याला 24,000 रुपये देतात आणि तुम्हाला 18,000 मिळतात, तर मधल्या 6,000 रुपयांच्या बदल्यात ब्युरो काय करतो ते समजले पाहिजे. तुम्ही आजारी पडलात तर बदली पाठवतो का? घरच्यांनी पैसे थकवले तर तुमचा पगार तो देतो का? रात्री-बेरात्री काही झाले तर फोन उचलतो का? या तिन्हींचे उत्तर होय असेल तर कमिशन घेण्यात वावगे नाही. आणखी एक गोष्ट नवीन बायकांच्या लक्षात येत नाही. रोजाचा दर 600 असेल तर तीस दिवसांचे 18,000 होतात आणि सव्वीस दिवसांचे 15,600. ‘महिना’ म्हणजे किती दिवस आणि आठवड्याची सुट्टी भरपगारी की बिनपगारी, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

केवळ दिवसाच्या ड्यूटीवर भागते. सकाळी आठ ते रात्री आठ ही नेहमीची वेळ असते. मात्र कात्रजहून औंधला किंवा बाणेरला ड्यूटी घेऊ नका. बारा तासांच्या वर बसचा प्रवास धरला तर मुले झोपल्यावरच तुम्ही घरी पोहोचाल. धनकवडी, बिबवेवाडी, सहकारनगर, सिंहगड रस्ता या भागांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ आहेत आणि त्यांची मुले परगावी किंवा परदेशी असतात. तेथलीच ड्यूटी हवी म्हणून अडून बसावे. थोडे थांबावे लागले तरी चालेल. रात्रीची बदली बाई वेळेवर आली नाही तर काय करायचे, हेही आधी बोलून घ्या, कारण पेशंटला एकटे टाकून निघता येत नाही आणि घरी मुले वाट पाहत असतात.

कामाची यादी घरच्यांसमोर लिहून घ्यावी. पेशंटचे जेवण, पेशंटचे कपडे, पेशंटची खोली आपण करायची. सगळ्या घराचा स्वयंपाक, भांडी, पाहुण्यांचा चहा हे आपले काम नाही. पहिल्या दिवशी भिडेपोटी एकदा केले की ते आपलेच होऊन बसते आणि तेवढा वेळ पेशंटकडे दुर्लक्ष होते. जेवण घरचे देणार की डबा न्यायचा, दुपारी टेकायला जागा कुठे, स्वच्छतागृह कोणते वापरायचे, हे विचारताना संकोच वाटतो, पण विचारावे. वेगळा कप आणि वेगळी ताटली देणारी घरेही असतात. अशा घरी राहायचे की नाही, हे प्रत्येकीने आपले ठरवावे. मी राहिले नाही आणि मला दुसरी ड्यूटी मिळाली.

हे काम सलग नसते, हेही मनाशी धरा. पेशंट रुग्णालयात गेला, मुलाकडे गेला किंवा वारला की ड्यूटी थांबते आणि दुसरी मिळेपर्यंत पगार नसतो. म्हणून सुरुवातीपासून निदान एका महिन्याच्या खर्चाची शिल्लक बाजूला टाकत जावी. आणि ज्याला आपण रोज भरवले, न्हाऊ-माखू घातले, तो माणूस गेल्यावर आपल्याला रडू येते. घरच्यांपुढे रडणे बरोबर की चूक असा प्रश्न मला नवी असताना पडायचा. त्यात चूक काहीच नाही.

आईसाठी_मदतनीस

आमच्या घरी आईसाठी गेली काही वर्षे ताई येतात, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. आईला स्मृतिभ्रंश आहे. आम्ही ज्या ताईंना ठेवले, त्यांच्याकडे प्रमाणपत्र होते म्हणून ठेवले नाही. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला विचारले की आजींना काय आवडते, त्या संध्याकाळी बेचैन होतात का, आणि त्यांना कोणत्या नावाने हाक मारलेली चालते. संध्याकाळ झाली की आई ‘मला माझ्या घरी जायचे आहे’ म्हणून दाराकडे जाते. आधीच्या बाई तिला ‘हेच तुमचे घर आहे’ असे बजावत राहायच्या आणि त्यातून आरडाओरडा होई. या ताई म्हणतात, ‘जाऊ या ना आजी, आधी तुळशीला दिवा लावू,’ आणि तिला हात धरून बाल्कनीत नेतात. दिवा लावेपर्यंत आई शांत झालेली असते.

घरच्यांना वहीची फार मदत होते. सकाळपासून काय खाल्ले, किती पाणी प्यायली, लघवी-शौच कधी झाले, बीपी किती, कोणती गोळी किती वाजता दिली, हे वेळेसह लिहिलेले असले की डॉक्टरांपुढे आम्हाला अंदाजाने बोलावे लागत नाही. तुम्ही बारावी झालेल्या आहात, तेव्हा ही वही तुम्ही उत्तम ठेवाल. पोलीस पडताळणी आधीच करून घेतलेली असेल तर अनोळखी घरात विश्वास बसायला वेळ लागत नाही.

कात्रजची_वाचक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. पहिली शरीराची. माझे वजन कमी आहे. सासूबाईंना पलंगावरून खुर्चीत बसवताना माझी कंबर धरायची. जड रुग्ण आला तर मला झेपेल का? दुसरी शंका घरच्यांची आहे. पती तयार आहेत, परंतु थोरले दीर म्हणतात की परक्या पुरुषाचे मलमूत्र काढण्याचे काम आपल्या घरातल्या बाईने करू नये. त्यांना मी काय सांगावे, हे मला समजत नाही. पुरुष रुग्ण नाकारता येतो का?

फिजिओथेरपी

पहिल्या शंकेपुरते लिहितो. कंबर धरते ती वजनामुळे कमी आणि उचलण्याच्या पद्धतीमुळे जास्त. रुग्णाला काखेत हात घालून वर खेचणे पूर्ण बंद करा. त्याने तुमची कंबर जाते आणि पॅरालिसिस झालेल्या रुग्णाचा खांदा निखळू शकतो.

खुर्ची किंवा व्हीलचेअर रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाला थोडी तिरपी लावावी आणि तिचे ब्रेक लावून पायांच्या पट्ट्या बाजूला कराव्यात. रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवून पाय जमिनीवर पूर्ण टेकवावेत आणि मिनिटभर तसेच बसू द्यावे, कारण बराच वेळ आडवा असलेला माणूस एकदम उठला तर त्याला चक्कर येते. मग आपले गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, आपला गुडघा त्याच्या अधू गुडघ्याला टेकवून आधार द्यावा. कमरेला रुंद, मजबूत पट्टा बांधून तो दोन्ही हातांनी धरावा. ‘एक, दोन, तीन’ म्हणत त्याला पुढे झुकायला सांगावे. नाक पायाच्या बोटांच्या वर आले की त्याचे स्वतःचे वजनच त्याला उठवायला मदत करते. उभे राहिल्यावर कमरेत पीळ न देता लहान पावले टाकत दोघांनी मिळून वळावे.

जो रुग्ण पायांवर अजिबात भार घेऊ शकत नाही, त्याला एकटीने हलवायचे नाही, तुमचे वजन कितीही असो. अशा घरी दुसरा माणूस मदतीला येणार आहे का, हे ड्यूटी घेण्यापूर्वी विचारावे. पडणाऱ्या रुग्णाला हवेत झेलण्याचा प्रयत्न करू नये. त्याला आपल्या अंगाला टेकवून हळूहळू खाली बसू द्यावे आणि डोके सांभाळावे.

निवृत्त_परिचारिका

पुरुष रुग्ण नाकारता येतो. ब्युरोकडे नोंद करतानाच ‘फक्त स्त्री रुग्ण’ असे लिहून द्यावे. पुष्कळ ठिकाणी पुरुष रुग्णांसाठी ब्रदर किंवा मामा पाठवतात आणि स्त्री रुग्णांना मावशीच हव्या असतात, त्यामुळे तुम्हाला काम कमी पडणार नाही. मात्र हे तुम्ही तुमच्या सोयीसाठी ठरवावे, दिरांच्या म्हणण्यावरून नव्हे.

दिरांना इतिहास सांगता येईल. पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. भल्या घरच्या बाईने परिचारिकेचे काम करू नये असे समाज उघड म्हणत होता, त्या काळात सेवासदनाने मुलींना, त्यांत विधवाही आल्या, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्याची वाट करून दिली. त्या मुलींनाही हेच ऐकावे लागले. पुढे त्यांच्याच हाताखाली पुण्यातल्या किती घरांतल्या बाळंतिणी आणि आजारी माणसे बरी झाली. आज दिरांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले, तर ते स्वतःच एखादी चांगली मावशी शोधतील. ती मावशीही कुणाची तरी भावजय असते, हे त्यांना शांतपणे सांगा.

स्वच्छता करताना रुग्णाची लाज राखणे हे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते. दार लोटून घ्यावे, अंगावर चादर ठेवून जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडावा, काय करणार आहोत ते आधी सांगावे, त्याचा हात चालत असेल तर ती जागा त्याची त्याला पुसू द्यावी. हातमोजे घालावेत, आणि ते काढल्यावरही साबणाने हात धुवावेत. स्त्री रुग्णाला पुढून मागे असेच पुसावे, नाहीतर लघवीचा संसर्ग होतो.

कामगार_हक्क

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीचा 2013 चा कायदा खासगी घरालाही कामाचे ठिकाण मानतो. रुग्णाने, त्याच्या नातेवाइकाने किंवा घरी येणाऱ्या कोणी गैरवर्तन केले तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी. ब्युरोत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर तेथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. नोंदणी करताना तिच्याविषयी विचारावे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आजारामुळे विचित्र वागला तरी तुम्ही ते मुकाट्याने सोसावे असा त्याचा अर्थ होत नाही. घरच्यांना आणि ब्युरोला त्याच दिवशी कळवावे. तातडीच्या वेळी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक लक्षात असू द्यावेत.

ब्युरो तुमचा भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) भरणार आहे का, ते विचारा. भरत नसेल तर तुम्ही असंघटित कामगार ठरता आणि 16 ते 59 या वयोगटात असल्यामुळे ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करू शकता. त्यासाठी आधार क्रमांक, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँक खाते लागते. पगार शक्यतो बँकेतच घ्यावा. रोखीने मिळत असेल तर घरच्यांची किंवा ब्युरोची सही असलेली हजेरीची वही ठेवावी. पगार थकला तर तुमच्या हाती तेवढाच पुरावा असतो.

कात्रजची_वाचक

कालच जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात जाऊन आले. जीडीएची पुढची तुकडी सुरू होणार आहे आणि तिच्यात मी नाव दिले आहे. तोपर्यंत घराजवळच्या एका लहान रुग्णालयात दिवसाच्या पाळीला वॉर्डमध्ये मदतनीस म्हणून या, असे तेथल्या सिस्टरांनी सांगितले आहे. एक शेवटचा प्रश्न राहिला. आमच्या इमारतीतल्या एक आजी मधुमेही आहेत. त्यांच्या मुलाने आत्ताच विचारले की पुढे आमच्याकडे याल का, पण सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन तुम्हालाच द्यावे लागेल. मी काय उत्तर द्यावे?

निवृत्त_परिचारिका

नाव दिलेत आणि वॉर्डही मिळाला, फार छान झाले. इन्सुलिनला आत्ता नाही म्हणा आणि त्याचे कारणही सांगा. मुलगा किंवा सून डॉक्टरांकडून शिकून ते देऊ शकतात, किंवा घरी येणारी सिस्टर ठरवता येते. युनिट मोजण्याची जबाबदारी तुम्ही घेऊ नये. त्यांना असे सांगा: ‘सुई तुम्ही द्या, त्याआधीचे आणि नंतरचे सगळे मी पाहीन.’

ते सगळे म्हणजे काय, तेही लिहून ठेवा. इन्सुलिन दिल्यावर जेवण डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेत समोर आले पाहिजे, म्हणून ताट तयार असल्याशिवाय सुई देऊ द्यायची नाही. आजींनी अर्धेच जेवले किंवा उलटी झाली तर लगेच घरच्यांना सांगायचे. घाम फुटणे, हात थरथरणे, एकदम चिडचिड करणे किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर साखर तपासावी. ती 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, आणि तरीही खालीच असेल तर पुन्हा द्यावी. यंत्र जवळ नसेल तर तपासण्यासाठी थांबू नये, साखर द्यावी. आजी शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही घालायचे नाही; त्यांना कुशीवर वळवून 108 ला फोन करायचा आणि कोणते इन्सुलिन किती वाजता दिले, ते वहीतून वाचून सांगायचे.